छोट्या गाडीची प्रतिशुद्धी

उस्मानपुऱ्यात ‘परफॉर्मन्स’ हा शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. संत एकनाथ रंगमंदिराच्या आवारात तो नाटकाविषयी असतो. शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहेत. त्यांच्या फाटकाबाहेर चहा घेणाऱ्या मुलांच्या तोंडी तोच शब्द गाडीविषयी असतो. पहिल्या अर्थासाठी मराठीजवळ ‘प्रयोग’ हा उत्तम शब्द आहे. दुसऱ्या अर्थासाठी ‘कार्यक्षमता’, ‘कामगिरी’ असे शब्द कोशात सापडतील, परंतु गाडीला ते कोणी लावत नाही. लोक म्हणतात, गाडीला पिकअप नाही. गाडी ओढत नाही. चढावर दम खाते. ‘ओढणे’ आणि ‘दम खाणे’ हे बैलाच्या, घोड्याच्या आणि माणसाच्या श्रमाच्या जगातले शब्द यंत्राला लागू झाले आणि त्यांनी एक सूक्ष्म निदानही सोबत आणले. गाडी ‘ओढत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तिच्यात बळ कमी आहे एवढेच सुचवत नाही. बळ आहे पण कुठेतरी अडले आहे, असाही ध्वनी त्यात असतो. नवशिक्याने छोट्या गाडीत सुधारणा करायची असेल तर त्याने हा दुसरा ध्वनी आधी ऐकावा, असे माझे म्हणणे आहे.

साहित्यचर्चेच्या पानावर मोटारीविषयी लिहिणे काहींना विषयांतर वाटेल. मी मराठीचा अध्यापक. यंत्रविद्येचे औपचारिक शिक्षण मला नाही. परंतु गेल्या वर्षी एका लहान मोटारीच्या सुधारणेत मला लक्ष घालावे लागले, आणि विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना जे प्रश्न पडतात तेच गॅरेजच्या ओट्यावर बसून पुन्हा पडले. सुधारणा म्हणजे नेमके काय? ती कुठून सुरू करावी? भर घालणे आणि दोष काढणे यांत आधी काय करावे?

गाडी माझ्या भाच्याची. तो सिल्लोडचा, तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन आता वाळूजच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागला आहे आणि आमच्याकडे उस्मानपुऱ्यात राहतो. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या वस्तूंत २०१२ सालची एक पांढरी मारुती ८०० होती. ती बराच काळ अंगणात उभी राहिली आणि मग ताईने ती मुलाच्या हाती दिली. दर शनिवारी पाळी संपवून तो रात्री सिल्लोडला निघतो. साठ-पासष्ट किलोमीटरांचा रस्ता. मध्ये चौक्याचा घाट, पुढे फुलंब्री, आणि अंधारात मागचा दिवा नसलेले कापसाचे ट्रॅक्टर. विद्यावेतनातून त्याने चाळीस हजार रुपये साठवले होते. त्यातून काय करायचे याची यादीही तयार होती: तेरा इंची अलॉय चाके, उघडा एअर फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, आणि पैसे उरले तर गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा.

‘मामा, गाडी ओढत नाही,’ तो म्हणाला. ‘घाटात मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून रस्त्याच्या खाली उतरवतात.’

या वाक्याचा मी मान ठेवतो. तरुणांच्या वेगाच्या हौसेविषयी उपदेश करणे फार सोपे असते आणि तो उपदेश बहुधा मोठ्या गाडीत बसलेल्या माणसाकडून येतो. आपल्या रस्त्यांवर गाडीच्या आकाराप्रमाणे वागणूक मिळते, हे लहान गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या मुलाला शर्यत जिंकायची नव्हती. आपल्या वडिलांच्या गाडीला रस्त्यावर कोणी हिणवू नये एवढीच त्याची इच्छा होती. प्रश्न फक्त इतकाच होता, की त्याच्या यादीतून ती इच्छा पुरी होणार होती का.

आधी गाडीचा परिचय करून द्यायला हवा. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी मोटार चालवण्याचे पहिले धडे बहुतांशी तिच्यावर गिरवले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, चार गिअर, मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास मिळणारी सुमारे ३७ अश्वशक्ती, आणि रिकाम्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. वेग वाढवण्याची क्षमता ढोबळमानाने या शेवटच्या दोन आकड्यांच्या भागाकारावर ठरते. पासष्ट किलोंचा चालक एकटाच बसला तर एकूण वजन ७१५ किलो होते आणि टनामागे जवळपास ५२ अश्वशक्ती पडते. तशीच चार माणसे बसली की वजन ९१० किलोंवर जाते आणि टनामागे ४१ देखील उरत नाही. इंजिनाला कोणी हात लावलेला नाही. तरी गाडीचा पाचवा हिस्सा दम गेला.

आमच्या शहराची यात आणखी एक बाजू आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसले आहे. या उंचीवर हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा ओढून घेईल तेवढेच इंधन जाळू शकते. म्हणजे ३७ अश्वशक्तींपैकी दोनेक तर या पठाराने आधीच ठेवून घेतल्या. त्यात आमचा उन्हाळा. तापमान तीन अंशांनी वाढले की हवेची घनता सुमारे एक टक्क्याने उतरते. जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी गाडी वेगळी चालते असे जुने चालक सांगतात, तो भास नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उस्मानपुऱ्यातले रंगमंदिर ज्यांच्या नावाचे आहे त्या एकनाथांचे पैठण इथून पन्नासेक किलोमीटरांवर. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ सिद्ध होऊन जवळपास तीनशे वर्षे लोटली होती. हस्तलिखितावरून हस्तलिखित उतरताना शब्द बदलले होते, ओळी इकडच्या तिकडे झाल्या होते असे पाठ फिरत होते, आणि काही ठिकाणी नकलकारांनी आपलीही भर घातली होती. एकनाथ स्वतः समर्थ कवी. ज्ञानेश्वरीत चार ओव्या ‘सुधारून’ घालणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी निरनिराळ्या प्रती जमवल्या, चुकीचे पाठ काढले, आणि यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी मिसळू नये अशी परखड समजही दिली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापल्यानंतर मूळ पाठ कोणता याविषयी जो वाद उभा राहिला, तो अभ्यासकांना परिचित आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी एकनाथांच्या कामाचा क्रम शिकण्यासारखा राहतो: आधी शुद्धी, मग हवी तर भर, आणि भर घालायची तर ती स्वतःच्या नावाच्या वेगळ्या ग्रंथात.

मोटारीच्या बाबतीत हे काम ज्ञानेश्वरीपेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण तिची मूळ संहिता छापील मिळते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत टायरमधली हवा, प्लगमधली फट, तेलाची प्रत, व्हॉल्व्हची फट असे सगळे आकडे दिलेले असतात. दहा-बारा वर्षांत त्यांतला प्रत्येक आकडा थोडा थोडा ढळतो आणि चालवणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याची सवयही सोबत ढळत जाते. म्हणून नवशिक्याला माझा पहिला सल्ला असा: दुकानाकडे जाण्याआधी पुस्तिका उघडावी आणि एका जाणत्या मिस्त्रीला ती गाडी पुस्तिकेतल्या गाडीशी ताडून पाहायला सांगावी.

आम्ही तेच केले. आमच्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी गाडी जॅकवर घेतली आणि चारही चाके हातांनी फिरवली. तीन फिरली, मागचे डावे अर्ध्या फेरीत थांबले. हँडब्रेकची तार गंजून ताठ झाली होती आणि ब्रेकचे शू ड्रमला सतत घासत होते. भाचा गेले आठ महिने ब्रेक अर्धवट दाबून गाडी चालवत होता. एअर फिल्टर धुळीने भरला होता. प्लगची फट वाढली होती, व्हॉल्व्हची फट तीनही सिलिंडरांत वेगवेगळी होती. टायरमधली हवा पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली होती आणि पुढची चाके किंचित आत वळलेली होती. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तो समाधानकारक निघाला. ‘इंजिन काम’ काढावे लागणार नव्हते. मिस्त्रींचा निष्कर्ष एका वाक्याचा होता: ‘गाडी ओढते, तिला कोणी सोडत नाही.’ मराठीच्या वर्गात लक्षणेचे उदाहरण म्हणून हे वाक्य मी त्यानंतर वापरले आहे.

दुसरा सल्ला टायरांचा. गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार ठिकाणी येतो आणि त्यांतले प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. वेग वाढवणे, वळणे, थांबणे या तिन्ही गोष्टी त्या चार तळहातांतूनच घडतात. टायरच्या कडेवर चार आकड्यांची एक खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भाच्याच्या टायरांवर १८१४ असे होते, म्हणजे २०१४ सालचा अठरावा आठवडा. वडील गाडी फार काढत नसत, त्यामुळे नक्षी शिल्लक होती. नियमाने मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी हवी. इथे त्याहून अधिक होती. पण रबर वापराने झिजते तसे वयानेही कडक होते, आणि अनेक उत्पादक दहा वर्षे ही बाहेरची मर्यादा मानतात. नखाने दाबले तर त्या टायरांवर खूण उमटत नव्हती. पावसात घाट उतरताना अशा टायरांचे काय होते ते सांगायला नको. नवे चार टायर त्याच मापाचे घेतले. यादीतल्या अलॉय चाकांचा तिथेच निकाल लागला, पण त्याची कारणमीमांसा पुढे.

तिसरा सल्ला ब्रेकचा, आणि तो वेगाच्या आधी यायला हवा. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गाडीतली ऊर्जा वाढते. ताशी ६० वरून ८० किलोमीटरांवर गेल्यावर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी अधिक होते. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि चालकाला भान यायला एक सेकंद, असे धरून हिशेब केला तर ६०च्या वेगात गाडी सुमारे ३७ मीटरांत थांबते, ८०च्या वेगात सुमारे ५८ मीटरांत. मधल्या एकवीस मीटरांत एक ट्रॅक्टर त्याच्या ट्रॉलीसह मावतो. ताई फोनवर ‘किती वेळात पोहोचलास’ असे कधी विचारत नाही. ‘पोहोचलास का’ असेच विचारते. आम्ही पुढच्या डिस्कचे पॅड, मागचे शू आणि ब्रेकचे तेल बदलले. हे तेल हवेतली ओल शोषते, त्यामुळे दोनेक वर्षांनी ते बदलायचे असते. या गाडीत ते शेवटचे कधी बदलले याची नोंद नव्हती.

चौथा सल्ला वजनाचा. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आपल्या शर्यतीच्या गाड्या या एका तत्त्वावर घडवल्या की वाढवलेली शक्ती सरळ रस्त्यावरच उपयोगी पडते, घटवलेले वजन मात्र चढावर, वळणावर आणि थांबतानाही उपयोगी पडते. आमच्या मारुतीच्या डिकीत शाळेच्या जुन्या पुस्तकांचे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. वडील गेल्यापासून ते कोणी उतरवले नव्हते. भाच्याने एका रविवारी ते स्वतःच उतरवले, घरच्या काट्यावर एकेक तोलले आणि माझ्या पुस्तकांच्या खोलीत लावून ठेवले. एकूण चाळीस किलो भरले. हिशेब त्यानेच करून दाखवला: एकटा चालक असताना ७१५ किलोंचे ७५५ झालेले होते, ते पुन्हा ७१५ झाले, म्हणजे ३७ अश्वशक्तींच्या इंजिनात आणखी दोन घातल्यासारखा फरक. तेवढा फरक त्याच्या यादीतल्या फिल्टर आणि सायलेन्सरने मिळून पडला असता की नाही याची शंका आहे.

आता त्या यादीतल्या वस्तूंविषयी. त्यांची चेष्टा करण्याचा हेतू नाही. प्रत्येक वस्तूमागे एक खरे तत्त्व असते, फक्त ते इथे लागू पडत नाही. उघड्या फिल्टरमधून हवा मोकळी येते हे खरे. पण कारखान्यातली नळी बाहेरची थंड हवा आणते आणि हा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ती हवा तीस अंशांनी अधिक तापलेली असेल तर दहाव्या हिश्शाच्या आसपास घनता जाते. मोकळेपणाने मिळवले त्याहून उष्णतेने अधिक घालवले. शिवाय मराठवाड्याची बारीक धूळ विरळ फिल्टरमधून आत गेली की ती सिलिंडर घासते. सायलेन्सरचेही तसेच. मोठ्या इंजिनातला धूर बाहेर पडायला रुंद नळी लागते. ७९६ सीसीच्या इंजिनाला फार रुंद नळी जोडली तर धुराचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ, म्हणजे घाटात हवी असते नेमकी तीच, कमी होते. वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो. चाकांचे गणित तर शाळेतले आहे. मूळ १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. त्याच रुंदीचा तेरा इंची टायर सुमारे ५३३ मिलिमीटरांचा. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ने धावत असते, आणि चढावरची ओढ तेवढीच घटते. गाडी भारदस्त दिसू लागते आणि अधिक मंद होते. आखूड स्प्रिंगांविषयी आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांनीच उत्तर दिले असते.

कायद्याचा भाग नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे नोंदवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ तसाच काटेकोर लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि आवाज व धुराची मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीसाठी दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, ही गोष्ट तर दंडाहून महाग पडते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असा हिशेब मांडत बसलो तर छोट्या गाडीत शक्ती वाढवूच नये असे होईल. तसे मी म्हणत नाही. इतिहासही तसे म्हणत नाही. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांची मिनी इंग्लंडात बाजारात आली, तेव्हा तिचे इंजिन ८४८ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तींचे होते, म्हणजे आपल्या मारुतीच्या अगदी शेजारचे. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली: ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर, ५५ अश्वशक्ती. आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. शक्तीचा आणि ब्रेकचा निर्णय एकाच कागदावर झाला. पुढे मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकली. १९६६ साली पहिल्या तीन क्रमांकांवर मिनीच आल्या होत्या, पण पुढच्या दिव्यांच्या नियमावरून त्या बाद ठरल्या. सुधारणा किती दूर नेता येते आणि ती नियमांच्या चौकटीत कशी अडते, हे दोन्ही धडे त्या एका गाडीत आहेत. मात्र कूपर यांच्यापाशी कारखाना होता. एकट्या माणसाने इंजिनाची शक्ती दीडपट केली की क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, टायर सगळेच त्या शक्तीच्या मापाचे करावे लागतात. चाळीस हजारांत यांतले एखादेच होते आणि बाकीचे धोक्यात राहते.

पाचवा आणि बिनखर्चाचा सल्ला चालकाविषयी. भाचा घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला टेकवून गाडीला दोष देत असे. या इंजिनाची शक्ती वरच्या फेऱ्यांत आहे. चढ लागण्याआधी तिसरा गिअर टाकला तर तेच इंजिन वेगळे वागते. पुढच्या ट्रकचा ब्रेकचा दिवा पाहण्याऐवजी त्याच्यापुढचा रस्ता पाहावा, ओलांडण्याची जागा आधी हेरावी, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा वेग घ्यावा लागत नाही. लहान गाडीत साठवलेला वेग हेच भांडवल असते.

सगळे मिळून तीस हजारही लागले नाहीत. महिनाभराने भाच्याने मला विचारलेला प्रश्न मात्र या लेखातल्या कोणत्याही हिशेबापेक्षा अवघड होता. ‘मामा, गाडी आता ओढते. हॉर्नही कमी वाजतात. पण आपण हिच्यात नवीन काय केलं? ती जशी होती तशीच झाली.’

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रतिशुद्धीचे काम करणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही. पाठ शुद्ध झाला की तो मूळ लेखकाचा होतो. निबंधातले चार पोकळ अलंकार काढायला लावले की विद्यार्थीही हेच म्हणतो: सर, मग माझे काय राहिले? या प्रश्नाला वर्गात मी आजवर तात्त्विक उत्तर देत आलो. भाच्याला ते दिले नाही. त्याला एवढेच सांगितले, की ही गाडी ‘जशी होती तशी’ त्याने कधी चालवलीच नव्हती. २०१२ मध्ये ती घरी आली तेव्हा तो शाळेत होता आणि मागच्या सीटवर बसत असे. त्याच्या हाती आली ती झिजलेली, अडलेली गाडी. घाट तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी ही गाडी त्याच्या वडिलांनी चालवलेली आहे. त्यावर तो काही बोलला नाही. पुस्तकांचे गठ्ठे अजून माझ्या खोलीत आहेत. त्यांतल्या उत्तरपत्रिका तो अधूनमधून काढून वाचतो.

उरलेले दहा हजार त्याने राखून ठेवले आहेत. २०२७ साली गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि पुढच्या पाच वर्षांसाठी तिची तपासणी होऊन नूतनीकरण करावे लागेल. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, धूर अशा गोष्टी पाहतात. अश्वशक्ती किती, हे तिथे कोणी विचारत नाही.